तिचे डोळेच बोलत होते

मी आयुष्यात सगळ्यात चांगलं रडले ते मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, भर दुपारी, पोटभर जेवून.

आमच्या शहरात एका तरुणाने कादंबऱ्या ध्वनिमुद्रित करायचा स्टुडिओ काढला होता. मुंबईत हेच काम शिकून तो घरी परतला आणि मिरजोळ्याला त्याने एक गाळा भाड्याने घेतला. त्या गाळ्यात पूर्वी आमरस गोठवून ठेवत असत. भिंती जाड, दार जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. उन्हाळ्यात मात्र भिंतींना अजून आंब्याचा वास सुटतो आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला उगाचच भूक लागते. लोक आता कादंबऱ्या वाचत नाहीत, ऐकतात, असं त्या तरुणाचं म्हणणं. भांडी घासताना, गाडी चालवताना, चालायला गेल्यावर.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. हौशी नाटकांत लहानमोठी कामं केलेली, त्यामुळे आवाज लोकांच्या माहितीतला. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या तरुणाचा फोन आला.

"ताई, मोठी कादंबरी मिळालीय. त्यातल्या सगळ्या बायका तुम्ही करायच्या."

सगळ्या बायका! मी व्हरांड्यात उभ्या उभ्या हो म्हणून टाकलं. नाटकात मला आजवर एका वेळी एकच बाई मिळाली होती, आणि तीही बहुतेक चहाचा ट्रे घेऊन येणारी.

कादंबरी इथल्याच एका निवृत्त प्राध्यापकांची होती. शहरात घर, गावाकडे हापूसची बाग, बोलणं मृदू, रिक्षावाल्यालाही अहोजाहो करणारा माणूस. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, पण अख्खं शहर त्यांना सर म्हणतं म्हणून मीही म्हणते. कादंबरीला पुरस्कार मिळाला होता आणि मलपृष्ठावर छापलं होतं की शतकांच्या मुक्या वेदनेला या लेखकाने आवाज दिला आहे. गोष्ट अशी, की एका बागायतदाराचा मुलगा अमेरिकेहून संगमेश्वराकडच्या आपल्या गावी परत येतो. आपल्या वाडवडिलांनी गावाच्या टोकाच्या वाडीतल्या लोकांना कसं वागवलं हे त्याला कळतं आणि त्याला फार दुःख होतं. पुढची सगळी कादंबरी म्हणजे ते दुःख.

माझं स्वतःचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आणि मी त्या गावाच्या टोकाच्या वाडीतली, म्हणजे बौद्धवाडीतली. हे मी फोनवर सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. लहानपणी मला वाचायचं वेड होतं. तालुक्याच्या वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांत मी आमची वाडी शोधत असे. ती सापडायची, नाही असं नाही. पण यायची ती जळायला. किंवा तिथे रोगाची साथ यायची आणि नायक रात्रभर जागून औषधं वाटायचा. सकाळ झाली की साथ आटोपायची, नायक मोठा व्हायचा आणि वाडी पुन्हा कुठे दिसायची नाही. आमच्या वाडीत लग्नं होत, भांडणं होत, दर मे महिन्यात क्रिकेटचे सामने होत, माझ्या चुलत आजीने तर एका शहाण्या सावकाराला पार नदीपर्यंत पळवला होता. यातलं काही कादंबरीच्या कामाचं नसावं, असं मी तेव्हा धरून चालले.

तर संहिता आली. त्या तरुणाने प्रत्येकाच्या ओळी वेगवेगळ्या रंगात रंगवल्या होत्या. निवेदन, नायक आणि बाकीचे सगळे पुरुष निळ्यात. ते एक काका करणार होते, बँकेतून निवृत्त झालेले, खर्जातला आवाज, खिशात कायम लवंगांची डबी. माझा रंग गुलाबी. मी रात्री जेवणं आटोपल्यावर मोठ्या हौसेने पानं उलटायला बसले. निळं, निळं, निळं. मधेच एका पानावर गुलाबी ठिपका दिसला म्हणून थांबले. नायकाची आई म्हणते, "जेवून घे रे." पुन्हा निळं. अमेरिकेतली बायको फोनवर म्हणते, "तू बदललायस." मग नायक बदलतच राहतो.

या दोघींशिवाय तिसरी एक बाई होती, आणि कादंबरीचा सगळा डोलारा म्हणे तिच्यावर उभा होता. वाडीतली बाई. तिला नाव नव्हतं. लेखक तिला 'ती' म्हणतो. नायकाच्या कुत्र्याला नाव आहे. तिच्या वाट्याला सबंध कादंबरीत एक वाक्य होतं आणि बाकी हुंदके.

काकांनी पहिल्या दिवशी माझी संहिता चाळली आणि मनापासून म्हणाले, "बाई, तुमचं काम बरं आहे. घसा बसायची भीती नाही."

आधी हुंदके उरकून घेऊ, असं त्या तरुणाने ठरवलं. वेगवेगळ्या तऱ्हेचे करून ठेवायचे म्हणजे लागेल तिथे लावता येतील. नेमका त्या दिवशी एसी बंद पडला. आत जीव घुसमटायला लागला म्हणून त्याने ते जाड दार उघडं ठेवलं आणि मी रडायला सुरुवात केली. विहिरीवरचा हुंदका, दाराआडचा हुंदका, दाबलेला, न दाबलेला. तो काचेपलीकडून सांगत होता, "ताई, थोडा कमी. आता थोडा शतकांचा येऊ द्या." शतकांचा कसा द्यायचा ते मला माहीत नव्हतं. मी आपलं आमच्या मुख्याध्यापकांना आठवलं आणि तो इतका छान आला, की मला थांबताच येईना.

शेजारी मासळीचा कारखाना आहे. तिथल्या दोघीतिघी बायका जेवणाच्या सुट्टीत बाहेर बसल्या होत्या, त्या धावत आत आल्या. डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या, पायात गमबूट.

"काय झाला गो बाय? कोणी मारलान काय?"

"नाही हो," मी डोळे पुसत म्हटलं. "मी नाही रडत. कादंबरीतली बाई रडतेय."

"ती कशाला रडते?"

मी संहिता पाहिली. त्या तरुणाने पाहिली. काकांनी चष्मा लावून मागची दोन पानं पाहिली.

"ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

रडते असं लिहिलं होतं. का, ते लिहायचं राहिलं होतं. त्यातल्या वयस्कर बाईने मला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. "वायच पाणी पी," ती म्हणाली, "आणि तिला सांग, रडायच्या आधी काय ता बोलून मोकळी हो." मग सुट्टी संपली म्हणून त्या गेल्या.

पण तिला बोलायला वाक्य एकच. ते असं होतं: "आवं धनी, म्या गरिबानं काय इचारावं?" मी ते वाचलं आणि मला हसू आलं. पुन्हा वाचलं, पुन्हा हसू आलं. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. 'म्या' कोणी म्हणत नाही, आणि बागायतदाराला 'धनी' म्हणणारी बाई मी तरी पाहिली नाही. त्याला तोंडावर काका म्हणतात आणि मागे काय म्हणतात ते शाळेतल्या बाईने लिहिणं बरं नव्हे. हे बोलणं घाटावरचं, तेही घाटावरच्या कुठल्या गावाचं नव्हे, तर जुन्या सिनेमातल्या गावाचं. ही बाई संगमेश्वरात राहत होती, पण बोलायची वेळ आली की एसटीने कोल्हापूरला जात होती.

सर त्या दिवशी ध्वनिमुद्रण पाहायला आले. येताना सगळ्यांसाठी आंबावडी घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, "सर, आपल्याकडे असं बोलत नाहीत."

"हो, पण ऐकणाऱ्याला कळायला हवं ना," सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "की ती खालच्या... म्हणजे, वंचित घटकातली आहे."

"मीही त्याच घटकातली आहे, सर. तुमच्या कादंबरीतलं गाव आहे ना, तिथून पाच-सहा मैलांवर आमचं घर."

सरांनी मला नीट निरखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा अगदी खरोखरीच्या आनंदाने उजळला. "काय सांगता! वाटत नाही हो! किती शुद्ध बोलता तुम्ही!"

त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. ते मनापासून कौतुक करत होते आणि मला ते कळत होतं. एखादा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावून घरी गेले असते. हा माणूस पुढच्या क्षणी आंबावडीचा डबा माझ्यापुढे धरत होता. मी वडी घेतली. मग म्या गरिबानं काय इचारावं, तेही करून टाकलं, एका दमात, चूक न करता. सर म्हणाले, "वा! पाहा, जमतं की तुम्हाला!"

खरी पंचाईत झाली ती विहिरीच्या प्रसंगाला. हा प्रसंग म्हणजे कादंबरीचा कळस. ती विहिरीवर पाणी भरायला येते, नायक तिथे जातो आणि आपल्या सगळ्या वाडवडिलांच्या वतीने तिची क्षमा मागतो. सहा पानं मागतो. ती काय करते? पुस्तकात वाक्य आहे: 'ती काहीच बोलली नाही. तिचे डोळेच बोलत होते.'

काकांनी ती सहा पानं अप्रतिम वाचली, अगदी माझ्याही अंगावर काटा आला. पण ध्वनिमुद्रण परत ऐकताना तो तरुण कपाळाला हात लावून बसला.

"ताई, डोळे ऐकू येत नाहीत हो. तो विहिरीशीच बोलतोय असं वाटतंय."

ऐकून पाहिलं तर खरंच तसं होतं. त्या बाईचा पत्ता लागत नव्हता. मग सरांना फोन गेला. सर आले, त्यांनी ऐकलं आणि पहिल्यांदाच जरा चिंतेत पडले. तरुण म्हणाला, "सर, तिला एक वाक्य द्या. एकच."

"तिचं मौन हेच तर कादंबरीचं सामर्थ्य आहे," सर म्हणाले. पण माणूस समजूतदार. पेन काढून बसले. चहा आला, निवला. त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. इतकी वर्षं ज्या बाईचं दुःख त्यांनी लिहिलं ती तोंड उघडून काय म्हणेल याचा त्यांना अंदाज येत नव्हता. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्हीच सांगा. तुमच्याकडची बाई काय म्हणेल अशा वेळी?"

मी डोळ्यांपुढे आमची आई आणली. डोक्यावर चुंबळ, कमरेवर कळशी, घरी चुलीवर भात, आणि समोर एक अमेरिकेहून आलेला पोरगा शतकांबद्दल बोलतोय, विहिरीच्या पायरीवरच उभा राहून. मग मी माईकसमोर गेले आणि आईच्या आवाजात म्हटलं, "झाला बोलून? मग वायच बाजूला हो बाबा, मला कळशी भरायची हाय."

काचेपलीकडे तो तरुण खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. काकांनी लवंग गिळली. सर मात्र हसले नाहीत.

"हे विनोदी होतंय," ते हळूच म्हणाले.

"सर, ती विनोद करत नाहीये. तिला खरंच पाणी भरायचंय."

"पण मग... मग त्याच्या त्या सगळ्या बोलण्याचं काय?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या एका वाक्याने सहा पानांची हवा गेली होती. वाक्य काढून टाकायचं ठरलं. त्याऐवजी माझ्या हातात दोन डझन काचेच्या बांगड्या चढवल्या आणि नायक बोलत असताना मी अधूनमधून हात हलवत राहिले. बाई आहे हे कळावं, एवढ्यापुरतं.

कादंबरी ऐकायला उपलब्ध झाली तेव्हा मी गावी गेले आणि ओटीवर बसून आईला विहिरीचा प्रसंग ऐकवला. आईचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत. मोबाइल कानाशी धरून तिने बराच वेळ ऐकलं.

"ह्यो कोणाशी बोलताय?"

"बाईशी."

"खंय हाय ती?"

"तिथेच. बांगड्या वाजतायत बघ."

आईने पुन्हा ऐकलं. बांगड्या किणकिणल्या. "गेली वाटता ती," आई समाधानाने म्हणाली. "बरा केलान." आणि मोबाइल मला परत दिला.

इकडे त्या तरुणाने एक उद्योग करून ठेवला. काढून टाकलेलं माझं वाक्य, काकांच्या क्षमायाचनेच्या शेवटच्या ओळींसकट, त्याने जाहिरात म्हणून व्हॉट्सअॅपवर सोडलं. मला विचारलं नाही, सरांनाही नाही. ते फिरत फिरत सगळ्या जिल्ह्यात गेलं. बाजारात मासे घेताना एक बाई मला म्हणाली, "बाजूला हो बाबा!" आणि हसली. मला वाटलं, सर आता चिडणार. ते चिडलेही होते म्हणे, पण जेमतेम अर्धा दिवस. तोवर त्यांना लोकांचे फोन यायला लागले: काय बाई रंगवलीत सर! काय ठसका! ऐकणाऱ्यांनी सबंध कादंबरी ऐकली, त्यात ते वाक्य सापडेना, तेव्हा स्टुडिओकडे तक्रारी आल्या, की ती कळशीवाली कुठे आहे. शेवटी वाक्य पुन्हा आत घालावं लागलं. बांगड्या राहिल्याच.

त्यानंतर एक छोटा समारंभ झाला. काकांची ओळख 'कादंबरीचा आवाज' अशी करून दिली, माझी 'आणि त्यांना साथ देणाऱ्या आपल्या बाई' अशी. सर भाषणात म्हणाले, की लेखकाचं पहिलं कर्तव्य म्हणजे मुक्याला बोलतं करणं, आणि त्या विहिरीवर आपण तिला बोलतं केलं तो क्षण आपल्या लेखनातला सर्वांत कठीण क्षण होता. कठीण होता हे मी शपथेवर सांगू शकते, मी समोरच होते. मग लोकांनी आग्रह केला म्हणून मी उठून ते वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. सर उभे राहिले आणि त्यांनी वाकून त्या स्वीकारल्या. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर त्या टाळ्या कानाला गोड लागत होत्या, आणि राग रांगेत मागे उभा राहिला.

राग आला तो नव्या आवृत्तीला. सर स्वतः घरी येऊन प्रत देऊन गेले. पहिल्या कोऱ्या पानावर 'स्नेहपूर्वक' लिहिलेलं. मी थेट विहीर काढली. वाक्य आलं होतं, ठळक, स्वतंत्र ओळीवर: "झालं का बोलून, धनी? मंग सरका जरा, म्या कळशी भरते जी."

माझ्या आईला त्यांनी कोल्हापूरच्या एसटीत बसवलं होतं.

मी तसाच फोन लावला. "सर, हे काय केलंत?"

"का हो? घेतलं की तुमचं वाक्य!"

"हे माझं नाही. माझ्या आईचंही नाही."

"अहो, छापील मजकुरात जरा प्रमाण ग्रामीण वापरावं लागतं. बाहेरच्या वाचकाला कळत नाही." आणि मग, मी आणखी काही बोलायच्या आत, "पण तुम्ही रागावू नका. पुढच्या कादंबरीत नायिकाच आहे. शिक्षिका. वाडीतून आलेली. तिला नाव दिलंय या वेळी! टाइप केलेली पानं पाठवतो, वाचून सांगा."

पानं आली. मी वाचली. नायिकेला बोलायला भरपूर होतं, त्यात शंकाच नाही. पण ती जे बोलते ते सगळं कोणाचे ना कोणाचे आभार. शाळेचे आभार, ग्रंथालयाचे आभार, फी भरणाऱ्या बागायतदाराचे तर दर प्रकरणात. पुढच्या रविवारी सर आमच्याकडे अभिप्राय ऐकायला आले तेव्हा मी विचारलं, "सर, ही चिडत कशी नाही?"

"चिडते की. शेवटच्या प्रकरणात."

"कोणावर?"

"स्वतःवर," सर म्हणाले.

मी काही बोलले नाही. माझे डोळेही काही बोलले नसावेत, कारण सर वाट पाहत राहिले. मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, "का? तुमच्या मते कोणावर चिडेल ती?"

आणि त्यांनी खिशातून खरोखरच पेन काढलं, कागद गुडघ्यावर घेतला. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. एवढं साठलं होतं, पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना. आधी मी त्यांना चहा दिला. मग समोर बसले आणि बोलायला लागले. चुलत आजीचं सांगितलं, सावकाराचं सांगितलं. वर्गातल्या मागच्या बाकाचं सांगितलं, आणि 'वाटत नाही हो' हे वाक्य मला आजवर कोणी कोणी कुठे कुठे ऐकवलं तेही. सरांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली, लिहीत राहिले. दुपार कलली तरी आम्ही बसून होतो.

जाताना ते बरेच थकलेले दिसले. म्हणाले, "फार मोलाचं दिलंत बाई. मी हे सगळं घेतो."

घेतील, याबद्दल मला शंका नाही. आता ते छापून आलं, की त्या दुपारी मी काय बोलले ते मलाही कळेल.